नेहमीसारखं काम

पायाखालची जमीन सरकली, असं माणसं उठताबसता म्हणत असतात. न कळवता पाहुणे दारात उभे राहिले तरी म्हणतात. त्या संध्याकाळी ती खरोखरच सरकली, आणि तेव्हापासून त्या वस्तीत ते वाक्य कुणाच्या तोंडून आलं नाही.

चढावरची वस्ती होती ती, दुमजली पक्क्या घरांची. पक्की म्हणायची, कारण सिमेंटची होती आणि रंग नवे होते. ती एका दमात खाली बसली. उभं राहिलं ते फक्त प्रार्थनाघर. त्याच्या खिडक्यांच्या काचा गेल्या, मागच्या एका खांबाचं सिमेंट उडून आतल्या सळया उघड्या पडल्या, बाकी इमारत जशीच्या तशी. वेळ संध्याकाळच्या प्रार्थनेची होती. आत जे होते ते सगळे वाचले. घरी जे होते त्यांतले पुष्कळ गेले.

आता यातून माणसं काय अर्थ काढणार? जो सगळ्यात जवळ पडलेला असतो तोच. प्रार्थनाघराचे म्हातारे उपदेशक, ज्यांना लहानथोर सगळे बाबाजी म्हणत, ते भल्या मनाचे गृहस्थ होते. पण त्यांच्याही हाताला तोच अर्थ लागला. "त्याने आपलं घर राखलं," ते म्हणाले, "आणि आपल्या घरी आलेल्यांना राखलं." लोक मागच्या खांबाच्या सळयांना हात लावून डोळे मिटून उभे राहू लागले. दुरून माणसं बघायला येऊ लागली. घरं गेलेली कुटुंबं आत हॉलमध्ये चटया टाकून राहत होती, बाहेर पटांगणात मदतवाल्यांनी तंबू ठोकले होते आणि जेवणाची रांग लागत होती. त्या रांगेतही हाच विषय चालायचा.

घरी राहिलेल्यांची माणसं ते ऐकत उभी असायची. त्यांना काय वाटत असेल, हे विचारायचं कुणाच्या ध्यानात आलं नाही.

ताई त्यांतलीच एक. शिवणकाम करणारी बाई, नवरा पूर्वीच गेलेला, एकुलती एक मुलगी. मुलीचं खरं नाव शाळेच्या दाखल्यावर राहिलं. सगळे तिला रेडिओ म्हणत, कारण ती सकाळी डोळे उघडल्यापासून जी सुरू व्हायची ती झोपेतही पूर्ण बंद व्हायची नाही. भाजी चिरताना भाजीशी बोलायची, मशीन अडलं की मशीनची समजूत काढायची. मोठी झाली, आईच्या बरोबरीने शिवायला लागली, तरी तोंडाचा पट्टा तसाच. गिऱ्हाइकं ब्लाउज पाच मिनिटांत घेऊन जायची सोडून तासभर बसून राहायची. "हिला बंद करायचं बटण कुठं दिलंय गं?" असं तिची मावशी, ताईची धाकटी बहीण, विचारायची, आणि रेडिओ म्हणायची, "आईलाच सापडलेलं नाही, तुला कुठून सापडणार?"

त्या संध्याकाळी ताई प्रार्थनेला निघाली तेव्हा रेडिओही चप्पल घालून तयार झाली होती. ताई म्हणाली, "तू थांब. सकाळी त्या बाई फ्रॉक न्यायला येतील, खालची पट्टी अजून टिपायची आहे." रेडिओने कुरकुर केली. ताईने आवाज चढवला. मग रेडिओ वरच्या खोलीत जाऊन मशीनवर बसली. तिथं उजेड चांगला यायचा म्हणून मशीन वर ठेवलेलं होतं.

एवढंच झालं होतं. कुठल्याही घरात रोज होतं त्यापेक्षा काडीचंही जास्त नाही.

पण ताईने त्याचा निकाल लावून टाकला. देवाने आपल्या घरी आलेल्यांना राखलं. तिची मुलगी त्याच्या घरी यायला निघाली होती. तिला दारातून परत कुणी पाठवलं? एका फ्रॉकसाठी? मग तिने हातात झाडू घेतला. हॉल सकाळी झाडायची, दुपारी झाडायची, झाडलेला पुन्हा झाडायची. माणसांना उठवून त्यांच्या चटयांखालचं झाडायची. स्वतः दाराशी उघड्या फरशीवर आडवी व्हायची. सुरुवातीला जेवण घशाखाली उतरत नव्हतं, तेव्हा कुणी फारसं मनावर घेतलं नाही. ज्याच्या त्याच्या घरात तेच चाललं होतं. पण बाकीचे हळूहळू दोन घास खायला लागले आणि ताईने मात्र न खाण्याचा नेमच करून टाकला.

तिची धाकटी बहीण रोज डबा घेऊन यायची. धाकटी वस्तीच्या खाली, सासऱ्याच्या जुन्या लाकडी घरात राहत होती. ते घर कलतं झालं होतं, पण पडलं नव्हतं. गरम भात, उकडलेलं अंडं, मऊ शिजवलेली भाजी. ताई डबा उघडायची, शेजारच्या बाईच्या लेकरांना वाटून टाकायची आणि रिकामा करून परत द्यायची. धाकटीला वाटायचं, निदान थोडं तरी खाल्लं असेल. एके दिवशी ती खांबाआड थांबून बघत राहिली, आणि तिला कळलं की ताईच्या पोटात एक शीतही जात नाही.

"ताई, हे काय चालवलंयस?"

"काही नाही गं छोटी. भूक नाही."

"भूक नाही म्हणून झाडायला येतं, खायला येत नाही?"

ताई हसली. ते हसू न हसती तर बरं, असं होतं. "मी तिला याच्या दारातून मागे फिरवली," ती म्हणाली. "आता मी याच्या दाराशी राहणार. तो ठेवील तितके दिवस."

मदतवाल्यांच्या तंबूतल्या डॉक्टरीणबाईंनी ताईला तपासलं, आणि मग धाकटीला बाजूला घेऊन सांगितलं, "यांना आजार कसलाच नाही. पण असंच चाललं तर या उरणार नाहीत. या ज्याचं ऐकतील, त्याने यांना समजवावं."

धाकटी त्या दिवशी प्रार्थनाघराच्या मागच्या बाजूने घरी निघाली. उघड्या पडलेल्या खांबापाशी थांबली. सळया अंगठ्यापेक्षा जाड, एकाला एक लागून, त्यांच्याभोवती रिंगा दाट बांधलेल्या. तिने हात लावला नाही. तिला पाया पडायचं नव्हतं, आणि बघायचं तर ते तिला आधीपासून माहीत होतं.

कारण हे प्रार्थनाघर तिच्या नवऱ्याने बांधलं होतं. आणि वस्तीतली ती नव्या रंगांची घरंही त्यानेच.

ठेकेदार माणूस वाईट नव्हता, हे आधीच सांगून टाकतो. वाईट असता तर ही गोष्ट सोपी झाली असती. देवभोळा होता. सकाळची प्रार्थना चुकवायचा नाही, दारू-विडीला शिवायचा नाही, मजुरांशी नीट बोलायचा. घरी जेवताना कामाच्या गोष्टी सांगायचा. कुठे चार सळयांचं काम दोनांत निभावलं, कुठे रिंगा हातभर अंतरावर बांधल्या, कुठे सिमेंट कमी पडलं ते वाळूने भागवलं. "प्लास्टर झालं की सगळे खांब सारखेच दिसतात," असं म्हणून हसायचा. धाकटीही हसायची आणि त्याच्या ताटात अजून वाढायची. चोरी म्हणून कधी तिच्या मनातही आलं नाही. धंद्यात असंच असतं, एवढंच तिला कळत होतं.

प्रार्थनाघराचं काम मिळालं तेव्हा मात्र त्याने स्वतःसाठी एक दमडी ठेवली नाही. भर उन्हात उभा राहून काँक्रीट ओतून घेतलं, आणि मग स्वतः पाइप धरून त्यावर पाणी मारत राहिला. मजूर थट्टा करायचे की मालक लेकराला अंघोळ घालतात. इमारत उभी राहिली, पहिली प्रार्थना झाली, तेव्हा धाकटी ताईच्या आणि रेडिओच्या मधे बसली होती. अभिमानाने तिचा ऊर भरून आला होता. ती आजूबाजूच्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली होती, "नेहमीसारखं काम नाही हे. देवाचं आहे. यात यांनी जराही हात आखडला नाही." आणि सगळ्या बायका माना डोलावून म्हणाल्या होत्या, किती भाविक माणूस.

आता ते आठवलं की तिला स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटे.

ती घरी पोहोचली तेव्हा ठेकेदार अंगणात शटरिंगच्या फळ्या वेगळ्या करत होता. लोकांना आडोशाला म्हणून तो त्या फुकट वाटत होता. त्याच्या दहाही बोटांना पट्ट्या होत्या. ताईच्या घराचा ढिगारा त्याने हातांनी उपसला होता, आणि रेडिओला त्यानेच बाहेर आणली होती.

"बाबाजींचा निरोप आला होता," तो फळीवरून नजर न उचलता म्हणाला. "येत्या मोठ्या प्रार्थनेला मला पुढे बोलावणार आहेत. सगळ्यांसमोर. मी नको म्हणालो. पण ते ऐकत नाहीत."

"ताई मरायला टेकली आहे," धाकटी म्हणाली. "तिला जाऊन सांगा."

"काय सांगू?"

"प्रार्थनाघर का उभं राहिलं ते."

"त्याच्या कृपेने राहिलं."

"आणि ताईचं घर?"

ठेकेदाराने फळी खाली ठेवली. ताईची वरची खोली त्याने हौसेने चढवून दिली होती, मजुरीही न घेता, इकडचातिकडचा उरलासुरला माल वापरून. मेहुणीवर उपकार केले म्हणून नातेवाइकांत त्याचं नाव झालं होतं.

"सगळेच असं बांधतात," तो म्हणाला. "मी काय जगावेगळं केलं? जमीन मी हलवली का? त्याच्या मनात असतं तर—"

"त्याच्या मनात काय होतं ते मला माहीत नाही. सिमेंट तुमच्या हातात होतं."

त्याने फळी पुन्हा उचलली, तशीच ठेवली. मग हळू म्हणाला, "देवाच्या घरात खोट करायला हात धजला नाही माझा. भीती वाटली."

"आणि माणसांच्या?"

"नाही वाटली." ते त्याने इतकं सरळ सांगितलं की धाकटीला त्याची कीव आली आणि संतापही आला. "माणसं काय, रंग कुठला लावणार एवढंच विचारतात."

तो तिथंच फळ्यांवर बसला. पट्ट्या बांधलेल्या हातांनी तोंड झाकून रडला. "तुला वाटतं मला कळत नाही? तिला बाहेर काढताना तो खांब माझ्या हातात भुगा होऊन आला. मला रोज दिसतं ते. पण ताईला सांगून काय मिळणार? आता तिच्याजवळ निदान देव तरी आहे. तेही काढून घेणार आहेस?"

"तोच तिला जेवू देत नाही," धाकटी म्हणाली.

त्याने पट्ट्यांनीच डोळे पुसले. थोड्या वेळाने उठून फळ्यांतले खिळे काढू लागला. तो सांगायला जाणार नाही, हे तिला त्याच्या पाठीकडे बघून कळलं. इतकी वर्षं तिने ती पाठ बघितली होती.

मग उरली ती. आणि ती घाबरली, यात लाजण्यासारखं काही नाही. सांगितलं तर नवऱ्याचं काय होईल, लोक काय करतील, पोलीस येतील का, हे सगळं तिच्या डोक्यात येऊन गेलं. पण सगळ्यात मोठी भीती ताईची होती. आईच्या माघारी ताईनेच तिला वाढवलं होतं. तिच्या अंगावरचा पहिला नवा फ्रॉक ताईने शिवला होता. तरी दुसऱ्या दिवशी सकाळी तिने डबा भरला आणि ती चढ चढून गेली.

"ताई, चल माझ्याबरोबर. थोडंसंच चालायचंय."

"मला झाडायचंय."

"झाडू कुठं पळून जात नाही."

ताईला उठताना भोवळ आली. धाकटीने तिला काखेत हात घालून धरली. ती हलकी झाली होती, पाण्याची घागर उतरवून ठेवल्यावर हाताला वाटतं तशी. आधी तिने तिला प्रार्थनाघराच्या मागे नेलं.

"इथं हात लाव."

"रोज लावते," ताई म्हणाली.

"पाया पडायला नाही. कापड घेताना बघतेस ना, तसं बघ."

ताईने तिच्याकडे चमकून पाहिलं, पण सळई बोटांत धरली. ती तिच्या अंगठ्याहून जाड भरली.

तिथून त्या ताईच्या घराकडे गेल्या. घर कसलं, खालच्या मजल्याची अर्धी भिंत आणि वर आडवा पडलेला स्लॅब. दाराशेजारचा खांब मधोमध मोडला होता. त्यातून दोन-तीन सळया बाहेर येऊन वाकल्या होत्या.

"आता इथं लाव," धाकटी म्हणाली. "ताई, हे दोन्ही यांनीच बांधलंय."

ताईने हात लावला. या सळया विणायच्या सुईपेक्षा थोड्या जाड असतील. तिने खांबाचा कडेचा तुकडा चिमटीत धरला, तर त्याची वाळू होऊन बोटांतून गळून गेली. तिने पुन्हा दुसरा तुकडा धरला. पुन्हा तसंच. अंधारातही कापडाचा पोत ओळखणारी बोटं होती ती. त्यांना दोनदा सांगावं लागलं नाही.

मग धाकटीने सगळं सांगितलं. जेवताना ऐकलेलं, हसून सोडून दिलेलं, उरल्यासुरल्या मालाचं. काही राखून ठेवलं नाही. "तू तिला देवापासून दूर ठेवलं नाहीस, ताई," ती म्हणाली. "तू तिला तुझ्या घरात ठेवलीस. घर धड असतं तर ती फ्रॉक पुरा करून तुझ्यावर चिडून बसली असती. एवढंच झालं असतं."

ताई ढिगाऱ्यावर बसली. मग तिच्या छातीतून एक आवाज आला, आणि ती रडली. जमीन हलली तेव्हापासून ती रडली नव्हती, हे धाकटीच्या तेव्हा लक्षात आलं. ती ओरडून रडली, मुलीला हाका मारून रडली, रस्त्यावरून जाणारी माणसं थांबली आणि पुढे गेली. धाकटी तिच्या पाठीवर हात फिरवत राहिली. दुःख होतंच, पण तिचा जीव भांड्यात पडला होता. बहीण परत मिळाली, असं तिला वाटलं.

रडणं ओसरल्यावर ताईने तोंड पुसलं. "डबा आणलायस?"

"आणलाय. आणलाय ना."

ताई जेवली. मातीच्या हातांनी, घाईघाईने, मधे पाणीही न पिता. शेवटचं शीत बोटाने पुसून खाल्लं. मग डब्याचं झाकण लावत ती शांतपणे म्हणाली, "तू मला हे आधीही सांगितलं होतंस."

"कधी?"

"प्रार्थनाघर झालं त्या दिवशी. नेहमीसारखं काम नाही हे, असं म्हणाली होतीस."

धाकटीची मान खाली गेली.

"आम्ही सगळ्या माना डोलवत होतो. एकटीने विचारलं होतं. आठवतंय तुला?"

धाकटीला आठवत नव्हतं. आणि मग आठवलं. तिच्या कानाशी, तिच्या शेजारीच, तो न थांबणारा आवाज.

"रेडिओ म्हणाली होती, मग नेहमीचं कसं असतं गं मावशी?" ताई म्हणाली. "तू हसलीस. मी तिच्या मांडीला चिमटा काढला. म्हटलं, मोठ्यांच्या बोलण्यात नाक खुपसू नकोस. आणि ती गप्प बसली. तेवढी एकदाच बसली."

खालून रांगेतल्या भांड्यांचा आवाज येत होता.

"माझं मी बघेन," ताई शेवटी म्हणाली. "तो चिमटा माझा आहे. पण तू तेव्हाही जाणत होतीस, छोटी. माझी खोली चढत होती तेव्हाही जाणत होतीस. वर चहा घेऊन येत होतीस आमच्यासाठी."

"ताई—"

ताईने डबा तिच्या हातात दिला. तिची बोटं कोरडी होती आणि त्यांवर वाळू होती. "उद्यापासून हा आणू नकोस. मी रांगेत उभी राहीन."

ती उठली, मोडक्या खांबाला धरून एकदा सावरली आणि एकटीच उतार उतरू लागली. धाकटी धरायला पुढे झाली नाही. तेवढा हक्क आता राहिला नाही, हे तिला न सांगता कळलं. ताई प्रार्थनाघराच्या दारापाशी थांबली. आत गेली नाही. पटांगण ओलांडून तंबूच्या रांगेच्या शेवटी जाऊन उभी राहिली, जेवण झालेलं असूनही, उद्या उभं राहायची सवय करत असल्यासारखी.

धाकटी घरी आली तेव्हा ठेकेदार दारातच होता. त्याने आधी तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि मग हातातल्या डब्याकडे.

"जेवल्या का ताई?"

"जेवली. सगळं."

"देव पावला," तो म्हणाला. त्याने पट्ट्या बांधलेले हात जोडले आणि डोळे मिटले.

धाकटीने डबा विसळला आणि फळीवर पालथा घातला.

"येताना बाबाजींकडे जाऊन आले," ती म्हणाली.

त्याने डोळे उघडले. का गेली होतीस, असं त्याने विचारलं नाही. हात मात्र तसेच जोडलेले राहिले, आणि तिच्याकडे बघत तो दारातच उभा होता.